सूपभर कोंडा

गुरुवार, १२ जानेवारी १९८४

चारुशीला वैशंपायन घड्याळ वापरत नाही. वेळ पाहायची झाली की ती यशवंत पगाऱ्यांचं मनगट धरते आणि आपल्याकडे वळवते. आज लॅबमध्ये तिने हे दोनदा केलं. आमच्या भिंतीवर मोठं घड्याळ आहे.

दोघं कामासाठीच आले होते. पगारे वकील आहेत आणि गेल्या वर्षापासून मोफत कायदेशीर मदतीच्या यादीवर आहेत. चारुशीला पावसाळ्यात सनद घेऊन त्यांच्या हाताखाली आली. सध्या त्यांच्याकडे पुतळाबाई आणि पुंजा या नवरा-बायकोचं प्रकरण आहे. दिंडोरीकडची माणसं, पंचवटीच्या भाजीबाजारात पाट्या वाहतात. त्यांच्याबरोबर असणारा चार वर्षांचा मुलगा गंगेच्या पायऱ्यांवर एकटा बसलेला कुणा समाजसेविकेला दिसला. अंगात मोठ्या माणसाचा फाटका सदरा, खांद्याखाली आलेले, गुंता झालेले केस, उवा, गालाला काजळी फासलेली. बाईंनी पोलिसात कळवलं. मुलगा आता रिमांड होममध्ये आहे आणि बालन्यायालयात प्रकरण उभं आहे: मुलाची हेळसांड.

पगारे म्हणाले, हेळसांडीचं उत्तर देता येईल, गरिबी हा गुन्हा नाही. खरी अडचण वेगळीच आहे. मूल आपलं आहे असं पुतळाबाई सांगतच नाही. कोर्टातल्या अहवालात लिहिलंय, 'सदर स्त्री मूल स्वतःचे नसल्याचे व किरकोळ मोबदल्यात विकत घेतल्याचे कबूल करते.' असंच राहिलं तर मुलगा बाहेरच्या जिल्ह्यातल्या बालगृहात जाईल आणि मोठा होईपर्यंत तिथेच राहील. जन्माची नोंद नाही. बाळंतपण घरात झालं, सुईणही वारली.

त्यांना रक्तगट तपासून हवा होता. मी सांगितलं की रक्तगटावरून ती आई नाही हे ठरू शकतं. आहे हे ठरत नाही.

"म्हणजे निम्मंच उत्तर," चारुशीला म्हणाली.

मी म्हटलं, उत्तर पूर्ण आहे, तुमचा प्रश्न त्याच्यापेक्षा मोठा आहे.

सोमवारी तिघांना घेऊन यायचं ठरलं. जाताना तिने पुन्हा मनगट धरलं नाही. धरलं असतं तर तिसऱ्यांदा झालं असतं.

शनिवार, १४ जानेवारी

संक्रांत. आमच्या घरी करत नाहीत, पण तिळगूळ देतो-घेतो. पगाऱ्यांसाठी एक पुडी टेबलाच्या खणात ठेवली होती. दुपारी कोर्टाच्या बाजूने जायचं काम निघालं. चारुशीला कोर्टाच्या आवारात डबा उघडून सगळ्यांना वाटत होती, अशिलांना, पट्टेवाल्यांना, टायपिस्टांना. पगाऱ्यांनी दोन्ही हात पुढे केले.

पुडी लॅबच्या डॉक्टरांना दिली. ते म्हणाले, गूळ चांगला आहे.

इथे एक गोष्ट नोंदवून ठेवते. पगाऱ्यांचे वडील आणि माझे वडील नोटांच्या प्रेसमध्ये एकाच खात्यात आहेत. दिवाळीपासून आमच्या लग्नाचा विषय निघालेला आहे. पगाऱ्यांनी मला स्वतः विचारलं, सरळ. मी 'बघू' म्हटलं. त्यानंतर त्यांनी पुन्हा विचारलं नाही आणि मीही विषय काढला नाही. त्यामुळे ते कुणाकडून तिळगूळ घेतात यावर माझा काही हक्क नाही.

सोमवार, १६ जानेवारी

तिघं आले. मुलाला रिमांड होमच्या बाई घेऊन आल्या. डोक्याचा चकोट केलेला, उवांसाठी. निळा सदरा, निळी चड्डी, तालकम पावडर. तिथे त्याला किरण म्हणतात. आधीचं नाव बरं नव्हतं म्हणे.

मुलाला पाहून पुतळाबाईने तोंड फिरवलं. त्यानेही हात पुढे केले नाहीत. होमच्या बाईंनी पगाऱ्यांकडे अशा नजरेने पाहिलं की बघा, आम्ही सांगत नव्हतो?

चारुशीलाने मुलाला उचलला, गालाचा मुका घेतला, म्हणाली, "अगं बाई, किती गोड आहे हा! डोळे बघा याचे."

"काय गोड," पुतळाबाई भिंतीकडे बघत म्हणाली. "काळं बेंद्र हाय. रडकं हाय." आणि खिडकीतून बाहेर थुंकली.

चारुशीलाचा चेहरा उतरला. मला ते पाहून बरं वाटलं. का, ते मला माहीत आहे आणि ते चांगलं नाही.

मुलाचं बोट मी टोचलं. तो रडला. मी 'झालं' म्हटलं आणि कापूस दिला. एवढंच. लहान मुलांशी काय बोलायचं ते मला सुचत नाही. नंतर पुंजा. त्याला विचारलं, मुलगा तुमचाच ना? तो म्हणाला, "ती म्हणल तसं."

पुतळाबाईची पाळी आली तेव्हा बाकी सगळी बाहेर होती. नळीवर चिठ्ठी लावायला मुलाचं नाव विचारलं.

"केरू."

कुणाचा?

"मला काय ठावं? ईकत घेतलाय. धोंडाबाईकडून. सूपभर कोंड्याला."

हात पुढे करून ती हे इतक्या सहज म्हणाली की मी सुई थांबवली. माझ्या वडिलांचं नाव कोंडाजी आहे. ऑफिसात ते के. आर. अशी सही करतात. ज्या बाईची मुलं जगत नाहीत, ती नवं मूल उकिरड्यावर टाकते. शेजारीण ते उचलते. आई ते तिच्याकडून सूपभर कोंडा देऊन विकत घेते. मग ते मूल तिचं नाही, कोंड्याचं आहे, केराचं आहे. त्याला कुणी घेऊन जाणार नाही. नाव वाईट ठेवायचं, कपडे दुसऱ्याचे मागून आणलेले घालायचे, केस नवसापर्यंत कापायचे नाहीत, कौतुक करायचं नाही, आणि माझं म्हणायचं नाही. अहवालात हेळसांडीच्या म्हणून जेवढ्या खुणा लिहिल्या आहेत, तेवढ्या सगळ्या तिने सांभाळून ठेवलेल्या होत्या.

'किरकोळ मोबदल्यात.' कोंडा हा शब्द कुणा लेखनिकाला कागदावर लिहिण्यासारखा वाटला नसेल.

आधीची किती गेली, मी विचारलं. तिने तीन बोटं दाखवली.

मी पगाऱ्यांना सांगायला बाहेर गेले. चारुशीला त्यांच्या काळ्या कोटाच्या खांद्यावरचा दोरा काढत होती. काढून झाल्यावर तिने तो त्यांना दाखवलाही.

मी आत परत आले. ते एकटे येतील तेव्हा सांगेन.

गुरुवार, १९ जानेवारी

निकाल: पुतळाबाई ओ, पुंजा ए, मूल ए. अहवालात लिहिलं, 'मातृत्व नाकारता येत नाही.' एवढंच लिहिता येतं.

अहवाल घ्यायला पगारे आले नाहीत. चारुशीला लुनावरून आली. ती गंगापूर रोडलाच राहते, लॅब तिच्या वाटेवर आहे. तिला कोंड्याचं सांगितलं नाही. तिचं-माझं तसं काही बोलणं नाही.

मुलगा माझ्यामुळे अडकलेला नाही. हे मी आज दोन वेळा मनात म्हटलं. बरोबर असतं तर एकदा पुरलं असतं.

रविवार, २२ जानेवारी

बाबांना त्यांच्या नावाबद्दल विचारलं. ते वर्तमानपत्र वाचत होते. म्हणाले, छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा हे सगळं सोडलं, त्यात अर्थ नाही. मग पेपर खाली ठेवला.

"मी मॅट्रिक झालो तरी आई चारचौघांत म्हणायची, हा कोंड्याचा. जवळ गेलं की ढकलायची. दुसऱ्यांची पोरं मांडीवर घ्यायची. मला वाटायचं, हिला मी नकोच आहे. मी पहिल्या पगाराचं लुगडं नेलं तर म्हणाली, कशाला आणलंस, नेऊन दे. आणि मी प्रेसला निघालो की रस्ता संपेपर्यंत दारात उभी."

मी म्हटलं, तुम्हाला ते दिसायचं?

"मागं वळून बघायचो ना. वळलो की आत जायची."

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं की पगाऱ्यांच्या घरी काय सांगू, ते लोक किती दिवस थांबतील. मी म्हटलं, बघू. बाबा म्हणाले, "अगदी आजीवर गेलीस."

हनुवटीबद्दल म्हणाले असावेत. तिच्या फोटोत तशीच आहे.

उद्या पगाऱ्यांच्या ऑफिसात जाऊन कोंड्याचं सांगून येणार. तिथे कोणीही असलं तरी.

सोमवार, २३ जानेवारी

उशीर झाला होता.

दार उघडल्याबरोबर चारुशीला म्हणाली, "मीनाक्षीबाई, कोंडा! अहो, सूपभर कोंडा!" ती कालची अख्खी सकाळ पंचवटीच्या भाजीबाजारात धोंडाबाईच्या शेजारी कोथिंबिरीच्या जुड्या बांधत बसली होती. धोंडाबाई म्हणजे मूल उचलणारी. तिने सगळं सांगितलं. चारुशीलाने ते आम्हाला पुन्हा सांगितलं, हातवारे करून, उकिरड्यावरून मूल उचलताना धोंडाबाईने नाकाला पदर कसा लावला होता इथपर्यंत. ती छान सांगते. पगारे हनुवटीवर हात ठेवून ऐकत होते. माझं बोलणं ते असं कधी ऐकत नाहीत. मी तेवढं बोलत नाही हेही खरं.

मी म्हटलं, "हो का."

पगारे माझ्याकडे वळले. "तुला माहीत होतं."

माझ्या वडिलांचं नाव त्यांना माहीत आहे. मी म्हटलं, गेल्या सोमवारी पुतळाबाई माझ्याशी बोलली होती.

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलं नाही."

त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि खिशाला अडकवलं. चारुशीलाला ते अवघड झालं असावं, ती म्हणाली, "आमच्या मीनाक्षीबाईंकडून काही काढायचं तर सुई घेऊनच यायला पाहिजे." सगळे हसले. मीही हसले. विनोद चांगला होता. त्याचा मला जास्त राग आला.

ते मला 'तू' म्हणतात, पण लोकांसमोर नाही. आज म्हणाले. रागात होतं म्हणून मोजणार नाही.

शुक्रवार, २७ जानेवारी

आज सुनावणी झाली. या कोर्टात वकिलाला परवानगी काढून उभं राहावं लागतं, ती मिळाली. संध्याकाळी दोघं लॅबमध्ये आले.

मॅजिस्ट्रेटसाहेबांनी प्रथा समजून घेतली. धोंडाबाईने सांगितलं, "हिनं ठेवला, मी उचलला, घटकाभरात हिला दिला. मी काय करू ठेवून? माझेच सहा हायेत." साहेब हसले. म्हणाले, मला पटतंय. पण मूल ज्याच्या ताब्यात द्यायचं त्याने निदान एकदा तोंडाने सांगितलं पाहिजे की मूल माझं आहे. ही बाई समोर उभी राहून नाही म्हणते आणि मी तिला मूल देऊ?

पुतळाबाईला विचारलं. तिने सांगितलं, धोंडाबाईचा. पुंजाने सांगितलं, ती म्हणल तसं. पुढची तारीख सहा फेब्रुवारी, आणि ती शेवटची.

पगाऱ्यांनी बाहेर येऊन तिला समजावलं. ती म्हणाली, केरू पाच वर्षांचा झाला की वणीच्या गडावर जावळ द्यायचं, मग बोलायचं, तोवर नाही. केस तर आता राहिलेच नाहीत. पगाऱ्यांनी तिचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं: "सदरा काढला, क्यास काढलं, नाव बदाललं. माझ्या तोंडातलं तेवढं राहिलंय, तर ते बी काढाया बसलाव."

मग चारुशीला मुद्द्यावर आली. मी अहवालात 'नाकारता येत नाही' च्या जागी 'आई आहे' असं लिहिलं तर साहेब तेवढ्यावर समाधान मानतील. बाईला बोलावं लागणार नाही. खरं तर ती आईच आहे, आपल्या सगळ्यांना माहीत आहे.

मी म्हटलं, मला माहीत आहे, पण रक्ताला माहीत नाही.

"एका मुलासाठी दोन शब्द, मीनाक्षीबाई. तुम्हाला काहीच वाटत नाही का हो?"

"ती लिहिणार नाही," पगारे तिला म्हणाले. "मी तुला येतानाच सांगितलं होतं."

म्हणजे येताना रस्त्याने माझ्याबद्दल बोलणं झालं. मी काय करणार नाही याची दोघांना खात्री होती. आणि ते तिलाही 'तू' म्हणतात. केव्हापासून, ते कळायला मार्ग नाही.

बुधवार, १ फेब्रुवारी

पंचवटीत गेले होते. मला भाजी लागत नव्हती. पुतळाबाई वांग्यांची पाटी डोक्यावर घेऊन गल्लीतून गेली. मला पाहिलं, थांबली नाही. पुंजा माझ्याजवळ येऊन म्हणाला, ती जेवत नाही. माझ्याशी तो पहिल्यांदाच एवढं बोलला. मी विचारलं, तिने 'माझा' म्हटलं तर काय होईल असं तुम्हाला वाटतं? तो म्हणाला, "दुसरीच्या टायमाला म्हनली व्हती. पोरगी व्हती. नाव बी चांगलं ठेवलं व्हतं." नाव त्याने सांगितलं नाही.

माझा यावर विश्वास नाही. तरी घरी येईपर्यंत मला पुढचा प्रश्न सुचला नाही.

सोमवार, ६ फेब्रुवारी

रजा घेतली. अहवालाबद्दल काही विचारलं तर जवळ असावं म्हणून पगाऱ्यांनी निरोप पाठवला होता. तो चारुशीलाच्या हातून आला.

कोर्ट म्हणजे रिमांड होमच्याच आवारातली एक खोली. बाहेरच्या व्हरांड्यात पुतळाबाई उकिडवी बसली होती. पगारे तिच्यासमोर तसेच उकिडवे, काळ्या कोटात. किती वेळ चाललं होतं कोण जाणे. शेवटी ती म्हणाली, बोलते. पण पोरगं आवारात लांब नेऊन बसवा, आणि त्याचे कान धरा. त्याच्या कानावर पडायला नको. ते त्याला माहीत नाही तोवर तरी बरं.

चारुशीला लगेच पुढे झाली. "किरण, ये रे राजा. आपण झाडाखाली बसू." मुलगा तिच्याकडे निघालाही.

"ह्या नगं," पुतळाबाई म्हणाली. "ह्या लय कवतिक करत्यात. त्या सुईवाल्या बाईकडं द्या. त्या त्याच्याकडं बघत बी नाय."

चारुशीलाचे हात पसरलेलेच राहिले, मग तिने ते पदराशी नेले. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण मी केलेल्या कशाचा तो नव्हता. मी न केलेल्याचा होता.

मी मुलाला घेऊन कडुनिंबाखालच्या बाकावर बसले. त्याला मांडीवर पाठमोरा बसवला आणि दोन्ही कानांवर तळवे दाबले. केस नुकते उगवत होते, बोटांना टोचत होते. त्याने मान वर करून पाहिलं, मग पायाने माती उकरायला लागला.

खोलीची खिडकी समोरच होती. आवाज येत नव्हता. टेबल दिसत होतं, साहेबांचं डोकं, पुतळाबाईची पाठ, तिच्या उजव्या हाताला पगारे आणि पगाऱ्यांना लागून चारुशीला. लागून म्हणजे दोघांच्या बाह्यांमध्ये उजेड दिसत नव्हता. जे काही घडणार होतं ते ती दोघं एकत्र ऐकणार, आणि पुढे कधीतरी, दहा वर्षांनीही, म्हणणार, आठवतं का तुला? मी बाहेर बसले होते म्हणून माझं नाव निघेल.

मुलाच्या कानांवर माझे हात होते. त्याला काही ऐकू जाणार नव्हतं आणि आवारात दुसरं कोणी नव्हतं. मी त्याला एक वाक्य सांगितलं. हळू, पण तोंडाने. काय, ते इथे लिहीत नाही.

खिडकीत पुतळाबाईची मान खाली गेली आणि तिने पदर तोंडावर दाबला, बोलून झाल्यावर दाबतात तसा. पुंजा जमिनीकडे बघत होता. साहेब लिहायला लागले.

मूल परत मिळालं. दर महिन्याला अधिकारी घरी येऊन पाहणार, एवढीच अट आहे. चारुशीला डोळे पुसत बाहेर आली. खरंच रडली होती, नाक लाल झालं होतं. पुतळाबाईला मिठी मारायला गेली तर ती बाजूने निघून सरळ बाकाकडे आली.

"सोडा आता," मला म्हणाली.

माझे हात अजून कानांवरच होते. मी काढले. तिने मुलाला दंडाला धरून खाली ओढला, म्हणाली, "चल रे. कुठलं ध्यान आनून बसवलंय हितं." आणि चालायला लागली. तो तिच्या मागे पळत होता. फाटकाबाहेर गेल्यावर तिने त्याला उचलून काखेला मारला आणि पदराचं टोक त्याच्या डोक्यावरून घेऊन गळ्याखाली गाठ मारली. मागे वळून पाहिलं नाही.

चारुशीला निकालाची नक्कल आणायला आत गेली. पगारे बाकाजवळ आले. कोट काढून हातावर घेतला होता, घाम आला होता. पुतळाबाई आत नेमकं काय म्हणाली ते मी विचारीन अशी त्यांची अपेक्षा असावी. मी विचारलं नाही.

"त्याच्याशी काय बोलत होतीस?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, कुठे काय. त्याचे कान तर बंद होते.

"खिडकीतून दिसत होतं. ओठ हलत होते तुझे."

अशील कोर्टापुढे आयुष्यातलं सगळ्यात अवघड वाक्य बोलत असताना तिच्या वकिलाने खिडकीबाहेर बघत राहणं बरोबर नाही. मी त्यांना तसं स्पष्ट सांगितलं.